रिपोर्टमध्ये ‘एस’ होतं, मग घोडी गाभडली कशी? – वाचकांचे प्रश्न

(मागच्या अंकात गाभण घोडीची काळजी यावर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके मेसेज आले की यावेळी अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. नावं कुणाचीच छापत नाही, गावंही मोघम ठेवलीत. रिपोर्टमधला ‘एस’ म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देतो, ‘आर’ म्हणजे देत नाही.)

प्रश्न : मॅडम नमस्कार. नंदुरबार जिल्ह्यातून लिहितोय. माझी मारवाडी घोडी आहे, सारंगखेड्याच्या यात्रेतून घेतलेली. मागच्या वर्षी ती नवव्या महिन्यात गाभडली. डॉक्टरांनी स्वॅब पाठवला, रिपोर्टमध्ये स्ट्रेप्टोकोकस निघाला. पेनिसिलिनपुढे एस, सल्फा-ट्रायमेथोप्रिमपुढे एस, जेंटामायसिनपुढे आर. आता ती परत गाभण आहे, साडेआठ महिने झाले, आणि चार दिवसांपासून कास भरायला लागलीय, शेपटीखाली थोडं चिकट लागतं. मेडिकलवाला म्हणतो जुना रिपोर्ट आहे ना, त्यातली एसवाली गोळी चालू करा. करू का? आणि हा जेंटाला दाद न देणारा जंतू म्हणजे तो सुपरबग का?

दादा, आधी डॉक्टरांना फोन करा आणि मग हे पुढचं वाचा, खरंच सांगतेय. घोडीचे दिवस साधारण अकरा महिने, म्हणजे ३४० दिवसांच्या आसपास, आणि तुमची आहे २६० च्या आतबाहेर. या वेळेला कास भरायचं काहीच कारण नाही. कास लवकर भरली आणि निरणातून स्राव येतोय म्हटल्यावर डोक्यात पहिलं नाव वारेच्या, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या आणि विल्यावर पडणाऱ्या आवरणाच्या, इन्फेक्शनचं यायला पाहिजे. पुष्कळ लोक उलट खूश होतात, की बघा आमची घोडी कशी तयारीला लागली, आणि दोन आठवड्यांनी तबेल्यात मेलेलं शिंगरू सापडतं.

डॉक्टर आले की त्यांना सोनोग्राफी करायला सांगा. गुदद्वारातून प्रोब घालून गर्भाशयमुखाच्या जरा पुढे गर्भाशयाची भिंत आणि वार दोन्ही मिळून जाडी मोजतात. २७० दिवसांपर्यंत ती ७ मिलिमीटरच्या आत असावी, ३०० पर्यंत ८ च्या आत, ३३० पर्यंत १० आणि त्यापुढे १२. जाडी वाढलीय किंवा वार आणि भिंत यांच्यामध्ये पू साचल्यासारखं दिसतंय तर मग वाट बघायची नाही. बहुतेक वेळा जंतू खालून, गर्भाशयमुखातून वर चढतो, म्हणून वारेचा जो भाग बरोबर त्या तोंडावर टेकलेला असतो तोच आधी सडतो.

आता जुन्या रिपोर्टचं. मेडिकलवाल्याचा हेतू चांगला असेल, पण तो रिपोर्ट मागच्या वर्षीच्या जंतूचा आहे, यावर्षीचा जंतू तोच असेल असं कुणी लिहून दिलंय? वारेत स्ट्रेप्टोकोकस झूएपिडेमिकस सगळ्यात जास्त सापडतो हे खरं, पण त्याच्या मागोमाग ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास हेही असतात आणि या सगळ्यांचं औषधांशी वागणं एकदम वेगळं. क्लेब्सिएलाला अँपिसिलिन द्या नाहीतर साखरेचं पाणी द्या, त्याला फरक पडत नाही. स्यूडोमोनासवर तर हाताशी असलेली निम्मी औषधं जन्मतःच चालत नाहीत. अमेरिकेतल्या केंटकीत १९८८ आणि १९८९ या दोन हंगामांत गाभडलेल्या, मेलेल्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या शिंगरांच्या ९५४ वारा तपासल्या होत्या, त्यातल्या २३६ मध्ये वारेचा दाह निघाला, आणि त्या २३६ च्या मागे एकच जंतू नव्हता, वरच्या यादीतले बहुतेक सगळे होते, शिवाय लेप्टोस्पायरा आणि बुरशीसुद्धा.

दुसरं म्हणजे मागच्या वर्षी स्वॅब कुठून घेतला होता? गाभडल्यावर योनीतून घेतला असेल तर त्यात शेणातले जंतूही येतात, आणि लॅबवाला बिचारा जे वाढलं त्याचा रिपोर्ट देतो. खात्रीचा नमुना म्हणजे वारेचा तो तोंडावरचा तुकडा, आणि मेलेल्या शिंगराच्या पोटातलं पाणी, फुप्फुस, लिव्हर. मी स्वतः एका ठिकाणी बघितलंय, वार सकाळी उकिरड्यावर टाकली, दुपारी आठवण झाली म्हणून तिथनं उचलून पिशवीत घालून लॅबला, आणि रिपोर्टमध्ये पाच प्रकारचे जंतू, मग मालक मला विचारतो यातला कुठला! मी काय सांगणार, उकिरड्याचा रिपोर्ट होता तो. वार पडली की स्वच्छ बादलीत, वर झाकण, सावलीत ठेवायची, जमलं तर बर्फावर.

जेंटाच्या ‘आर’ला घाबरू नका. स्ट्रेप्टोकोकसच्या आत जेंटामायसिन नीट शिरतच नाही, हा त्याचा मूळ स्वभाव आहे, कुणी औषधं खाऊ घालून त्याला बिघडवलेला नाही. सुपरबग वगैरे काही नाही. गंमत अशी की तरीही डॉक्टर पेनिसिलिन आणि जेंटा जोडीने देतात, कारण पेनिसिलिन जंतूची भिंत ढिली करतं आणि मग जेंटाला आत वाट मिळते, शिवाय सोबत ई. कोलायसारखा दुसरा कुणी असेल तर तो जेंटाच्या वाट्याला. म्हणून डॉक्टरांनी ‘आर’वालं इंजेक्शन काढलं म्हणून लगेच भांडायला जाऊ नका. जेंटा किडनीवर जड पडतं, घोडी पाणी कमी पीत असेल तर आधी ते सांगा.

आणि सल्फा-ट्रायमेथोप्रिमचा ‘एस’. इथे मला जरा लांबण लावावीच लागेल कारण तुमच्यासारखे दहा जण इथेच फसलेत. लॅबमध्ये काय करतात, प्लेटमध्ये जेलीसारखं माध्यम असतं, त्यावर जंतू पसरवतात, वर औषधाच्या छोट्या चकत्या ठेवतात, ३५ अंशाच्या आसपास एक रात्र ठेवतात आणि सकाळी चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ किती मिलिमीटर आहे ते मोजतात. ठरलेल्या आकड्यापेक्षा मोठं म्हणजे एस, लहान म्हणजे आर, मधलं आय. तो ठरलेला आकडा काढताना रक्तात औषध किती चढतं याचा हिशोब धरलेला असतो. वारेत किती चढतं, पू झालेल्या वारेत किती काम करतं, हे त्या प्लेटला माहीतच नाही.

सल्फा-ट्रायमेथोप्रिमची मजा अशी की ते वारेतून पार होऊन गर्भाच्या पाण्यापर्यंत पोचतं, हे गाभण पोनी घोड्यांवर मोजून बघितलेलं आहे, तोंडाने देता येतं, म्हणून जगभर पहिलं तेच काढतात. पण जिथे पू आणि मेलेल्या पेशी असतात तिथे जंतूला थायमिडीन नावाचा तयार माल फुकट मिळतो, आणि हे औषध नेमकं तो माल बनवण्याचा कारखाना बंद पाडतं. कारखाना बंद, पण बाजारात माल आहेच, मग जंतूला काय फिकीर! नेदरलँड्समध्ये पोनींमध्ये झूएपिडेमिकसचं इन्फेक्शन मुद्दाम करून बघितलं होतं, जंतू प्लेटवर या औषधाला चक्क एस होता, तरी औषधाने तो गेला नाही, पेनिसिलिनने मात्र गेला. तुमच्या घोडीत स्ट्रेप निघाला आणि पू दिसत असेल तर मी स्वतः नुसत्या गोळीवर विसंबणार नाही, पेनिसिलिनचा विचार करेन, तेही गर्भाच्या पाण्यात पोचतं. अर्थात मी इथे बसून बोलतेय, घोडी तुमच्या डॉक्टरांच्या समोर आहे, शेवटचा शब्द त्यांचा.

याच्या उलट उदाहरण सेफ्टिओफरच्या लांब काम करणाऱ्या इंजेक्शनचं. स्ट्रेपवर प्लेटमध्ये एकदम झकास वर्तुळ, चार दिवसांत एकदा टोचायचं म्हणून सगळ्यांना सोयीचं, पण गर्भाच्या पाण्यात पुरेसं उतरत नाही आणि प्रयोगातल्या घोड्यांचं गाभडणं त्याने थांबलं नाही.

डॉक्टरांनी स्वॅब आधी घ्यावा आणि औषध त्यानंतर लगेच, रिपोर्टची वाट बघत दोन-तीन दिवस घालवू नयेत. उलट केलंत, म्हणजे आधी गोळ्या आणि चार दिवसांनी स्वॅब, तर प्लेटवर काहीच वाढत नाही आणि सगळे समजतात जंतूच नाही. स्वॅब बाहेर आलेल्या स्रावाचा घ्यायचा, गाभण घोडीच्या गर्भाशयमुखात काही घुसवायचं नाही.

आणि अँटिबायोटिक एकटं पुरत नाही. वार सुजली की सूज आणणारी रसायनं सुटतात आणि त्यांनी गर्भाशय आवळायला लागतं, जंतू मरायच्या आधीच शिंगरू बाहेर. म्हणून सोबत सूज उतरवणारं, पेंटॉक्सिफायलिन, आणि गाभ टिकवणारं अल्ट्रेनोजेस्ट देतात. २०१० साली छापून आलेल्या एका प्रयोगात सल्फा-ट्रायमेथोप्रिम, पेंटॉक्सिफायलिन आणि अल्ट्रेनोजेस्ट असं तिन्ही मिळून दिलेल्या १२ पैकी १० घोड्यांना जिवंत, जगणारी शिंगरं झाली, काहीच न दिलेल्या ५ पैकी एकीलाही नाही. बघा, वर ज्या गोळीची मी इतकी निंदा केली तीच यात आहे! वेळेवर सुरू केली आणि सोबत बाकीचं होतं. दादा, तुमचे चार दिवस आधीच गेलेत.

एक राहिलं. सलग दोन वर्षं हेच होतंय तर घोडीची निरण नीट बघून घ्या, मागे तिरकी झुकलेली असेल, ओठ नीट मिटत नसतील तर लीद आणि हवा दोन्ही आत जातात. त्यावर १९३७ पासून कॅसलिकचं ऑपरेशन करतात, वरचा भाग टाके घालून बंद करायचा. टाके घातले असतील तर विण्याआधी ते उसवायला विसरू नका, विसरलेले लोक बघितलेत मी, फाटतं सगळं.

प्रश्न : मॅडम, मी व्हेटर्नरीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर इंटर्नशिप चालू आहे. तिथे दरवर्षी सगळ्या गाभण घोड्यांना शेवटचे तीन महिने, दर महिन्यात दहा दिवस सल्फाच्या गोळ्या देतात, काही झालेलं नसताना. हे बरोबर आहे का? मला विचारायची भीती वाटते.

भीती वाटणं साहजिक आहे बाळा, इंटर्नचं ऐकतो कोण. पण प्रश्न बरोबर आहे. हा प्रकार नुसता आपल्याकडचा नाही, परदेशातही मोठ्या फार्मांवर चालतो. ज्या घोडीला आधी वारेचं इन्फेक्शन झालंय किंवा जिचं गर्भाशयमुख नीट बंद होत नाही तिला असं देण्यामागे विचार आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण सरसकट चाळीस घोड्यांना? मग त्या फार्मवर आतड्यात आणि लीदीत जे ई. कोलाय उरतात ते या गोळीला न जुमानणारेच उरतात, आणि खालून वर चढणारा जंतू येतो कुठून, तर त्याच लीदीतून. म्हणजे उद्या खरंच इन्फेक्शन झालं तर पहिलं औषध आधीच बाद. शिवाय घोड्याचं आतडं फार नाजूक, अँटिबायोटिकने जुलाब लागले तर घोडी दोन दिवसात हातची जाते.

भांडू नकोस. एक काम कर, फार्मवर मागच्या चार-पाच वर्षांचे कल्चर रिपोर्ट कुठल्यातरी फाईलमध्ये असतीलच, ते काढ, वर्षाप्रमाणे कुठला जंतू आणि कुठल्या औषधाला एस-आर एवढं वहीत मांड. फार्मचा स्वतःचा तक्ता तयार झाला की मोठ्या डॉक्टरांना दाखव, ते स्वतःच बोलतील. रिपोर्ट वाचताना एक बघ, लॅबने स्ट्रेपची टेस्ट रक्त घातलेल्या माध्यमावर केलीय का, साध्या माध्यमावर तो नीट वाढतच नाही आणि मग वर्तुळं उगाच मोठी दिसतात. आणि ई. कोलायपुढे पेनिसिलिनचा रकाना ‘आर’ भरलेला बघून कुणी दचकलं तर हसू नकोस, मीही शिकताना दचकले होते, तो ‘आर’ आधीपासूनच ठरलेला असतो.

प्रश्न : नमस्कार, आम्ही मूळचे सोलापूरचे, मुलगा लेक्झिंग्टन, केंटकीला घोड्यांच्या फार्मवर कामाला आहे. तो सांगत होता तिकडे वारेत वेगळाच जंतू होतो, नोकार्डिओफॉर्म असं काहीतरी नाव, आणि त्याचा औषधाचा रिपोर्ट लवकर येत नाही. आपल्याकडे असतं का हे?

मुलगा बरोबर सांगतोय, आणि तो अगदी या आजाराच्या माहेरघरात आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यात तिथेच हा प्रकार पहिल्यांदा लक्षात आला. २००२ मध्ये यातल्या एका जंतूचं क्रॉसिएला एक्वी असं बारसं झालं, आणि पुढच्या वर्षी तिघांना नावं चक्क जागांवरून दिली, अमायकोलाटॉप्सिस केंटकीएन्सिस, लेक्झिंग्टोनेन्सिस, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियावरून प्रिटोरिएन्सिस. म्हणजे मुलाच्या गावाच्या नावाचा जंतू आहे, फोनवर सांगा त्याला.

याची चाल एकदम निराळी. खालून चढत नाही, गर्भाशयमुखाजवळची वार स्वच्छ असते आणि रोग असतो वर, गर्भाशयाची शिंगं, म्हणजे त्याचे दोन बाजूंचे फाटे, जिथे मुख्य भागाला जोडतात तिथे खालच्या बाजूला. तिथे वार जाड होते आणि तपकिरी, चिकट, डिंकासारखा थर बसतो. म्हणून नेहमीच्या जागी सोनोग्राफी केली तर सगळं ओके दिसतं, पोटावरून बघावं लागतं. मध्येच एखाद्या वर्षी उसळी येते, २०११ ला आली होती, २०२० ला आली. जंतू आत जातो कसा हे अजून कोडंच आहे, क्रॉसिएला मुद्दाम गाभण घोड्यांना वेगवेगळ्या वाटांनी देऊन बघितला, तरी आजार काही होईना.

रिपोर्ट उशिरा येण्याचं कारण सरळ आहे, हे जंतू संथ वाढतात. स्ट्रेप रात्रीत उगवतो, यांना कित्येक दिवस लागतात, आणि घाईत असलेल्या लॅबने दोन दिवसांनी प्लेट फेकून दिली तर ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट. तिकडे आता पीसीआरने ओळख पटवतात. पण पीसीआर जंतूचं नाव सांगतो, तो कुठल्या औषधाला ऐकेल ते सांगत नाही, त्यासाठी वाढवावाच लागतो. आणि वाढवून आकडा काढला तरी तो एस म्हणायचा की आर याची घोड्यांसाठी बांधलेली खास मोजपट्टी या जंतूंना नाही, डॉक्टर इतर जंतूंच्या पट्टीवरून अंदाज बांधतात. तिकडचे डॉक्टर सल्फा-ट्रायमेथोप्रिम, डॉक्सीसायक्लिन, मिनोसायक्लिन यातलं काहीतरी देतात. एक धोक्याची गोष्ट मुलाला नक्की सांगा, डॉक्सीसायक्लिन घोड्याला शिरेतून कधीच द्यायचं नसतं, हृदय कोलमडून घोडा जागेवर पडतो, ते तोंडानेच.

आपल्याकडे असतं का म्हणाल तर शोधल्याशिवाय सापडत नाही, आणि आपल्याकडे किती जण गाभडलेल्या घोडीची वार लॅबला पाठवतात? त्यातून प्लेट आठवडाभर ठेवा असं लॅबला सांगणारे किती?

प्रश्न : ताई, आमची लग्नाच्या वरातीची घोडी आहे. तिला वारेचं इन्फेक्शन निघालं म्हणून डॉक्टरांनी तोंडातून द्यायचं तेलकट औषध दिलंय, गाभ टिकायचं. ते मी देते रोज, घरचे बाहेर असतात. मला चौथा महिना आहे. जंतू मला लागतील का?

ताई, जंतूच्या आधी औषधाचं बोलते. ते बहुतेक अल्ट्रेनोजेस्ट असेल, बाटलीवर नाव बघा, आणि तसं असेल तर आजपासून तुम्ही त्याला हात लावू नका. ते हार्मोन आहे, कातडीतून आत जातं, गरोदर बाईने ते हाताळायचंच नाही. हातमोजे घालूनसुद्धा नाही, घरातल्या पुरुषांना सकाळी बाहेर पडायच्या आधी द्यायला सांगा. तुमच्या हातावर आतापर्यंत सांडलं असेल तर तुमच्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, लाजू नका.

जंतूंचं म्हणाल तर त्यातला लेप्टोस्पायरा माणसाला लागतो, कोकणात पावसाळ्यात ज्याची बातमी येते तोच. गाभडलेली घोडी तो लघवीतून टाकत राहते, म्हणून तबेल्यातला ओला पेंढा, वार, गर्भाचं पाणी यापासून तुम्ही लांब. याचा एस-आर रिपोर्ट सहसा मिळत नाही कारण तो नेहमीच्या प्लेटवर वाढतच नाही, रक्ताची टेस्ट किंवा पीसीआर करतात आणि पेनिसिलिन किंवा ऑक्सीटेट्रासायक्लिनने उपचार करतात. घरात कुणाला ताप, अंगदुखी, डोळे लाल असं झालं तर दवाखान्यात ‘आमच्याकडे घोडी गाभडलीय’ हे वाक्य आठवणीने बोला, ते न विचारता कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : गाईच्या सडाच्या इन्फेक्शनसाठी आणलेलं लिंकोमायसिनचं औषध उरलंय. रिपोर्टमध्ये क्लिंडामायसिनपुढे एस आहे, आणि दुकानदार म्हणतो दोन्ही एकाच घराण्यातली. घोडीला दिलं तर चालेल का?

नाही. घराणं एकच आहे हे खरंय, आणि म्हणूनच नाही. लिंकोमायसिनने घोड्याच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, भयंकर जुलाब लागतात आणि घोडी मरते, वारेतला जंतू मेला की नाही ते बघायलाही ती उरत नाही. टिल्मिकोसिनचंही तेच, तेही घोड्याला नाही. उरलेलं औषध गाईच्या कपाटात ठेवा आणि त्या कपाटाला कुलूप लावा, कारण तुमच्या मोतदाराला हे माहीत नसणार.